तुळजाजींच्या मानपत्राची भिरभिरी

सुंदरीबाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत हस्तकलेच्या वर्गात त्या एकदाच गेल्या होत्या, तेही तिथल्या बाई रजेवर होत्या म्हणून, आणि त्या तासाला त्यांनी मुलींना अपूर्णांक शिकवले होते. त्यामुळे मे महिन्यात नात येणार म्हणून त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कात्री, गोंद, टाचण्या, रंगीत कागद, तुटलेल्या माळेचे मणी आणि शहाळ्यांबरोबर आलेल्या स्ट्रॉ जमवू लागल्या, तेव्हा त्यांचे यजमान वेंकटराव पेपर खाली करून बघत राहिले.

"हे सगळं कशास?"

"मराठीस," सुंदरीबाई म्हणाल्या.

नात म्हणजे हरिणी, वय वर्षं पाच. तिचा बाप मुरली त्यांचा एकुलता मुलगा. आई साईप्रिया तमिळ घरातली, गुणी मुलगी, पण तिला मराठी येत नव्हतं. दोघं चेन्नईत नोकरी करत. घरात तमिळ, शाळेत इंग्रजी. हरिणीला मराठी सगळं समजायचं. तिच्याबद्दल कुणी काही बोललं तर त्यातलं अक्षरही चुकायचं नाही. उत्तर मात्र तमिळमध्ये. मुरलीच्या लहानपणी तंजावूरच्या याच घरात स्वयंपाकापासून भांडणापर्यंत सगळं मराठीत चालायचं. तीनशे वर्षं टिकलेली भाषा आपल्या नातीपाशी येऊन थांबणार, आणि तीही आपण घरात असताना, हे सुंदरीबाईंना मान्य नव्हतं.

त्यांची योजना सरळ होती. डबा आपल्या ताब्यात ठेवायचा. जी वस्तू हवी असेल ती हरिणीनं मराठीत मागायची. तमिळमध्ये मागितली तर आजीला ऐकू येणार नाही.

पहिल्या दिवशी कागदाची होडी करायची होती. हरिणीनं कात्रीकडे बोट दाखवून तमिळमध्ये मागितली. सुंदरीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. हरिणीनं आणखी दोनदा मागितली. मग ती डब्याजवळ सरकली, आत नीट पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हे नोको. ते होणे."

त्यांच्या घरच्या मराठीत 'होणे' म्हणजे पाहिजे. सुंदरीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आधी गोंदाची बाटली पुढे केली, ती नोको ठरली. मग दोरा, तोही नोको. शेवटी कात्री मिळाली.

तिसऱ्या दिवसापर्यंत सुंदरीबाईंच्या लक्षात आलं की या एका वाक्यावर सगळा डबा हस्तगत करता येतो. भेंडी आडवी कापून रंगात बुडवून ठसे मारले, तेव्हा रंग याच वाक्यानं मागितले गेले. करवंटीचं कासव झालं, नारळाच्या पातीचा साप झाला, भिजवलेल्या कणकेचा मासा झाला. नवा शब्द एकही आला नाही.

"माशास पाय नसतात," सुंदरीबाई म्हणाल्या. कणकेच्या माशाला चार पाय होते.

"हा बसनं आला. बस स्टॉपपासून चालावं लागलं," हरिणीनं तमिळमध्ये खुलासा केला.

"मराठीत सांग."

हरिणीनं माशाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि माशाचे पाय काढून टाकले. सुंदरीबाईंना वाटलं, आपण जिंकलो की हरलो ते कळायला मार्ग नाही.

याच दिवसांत वेंकटराव पुढच्या खोलीत वेगळ्याच कामात बुडालेले होते. त्यांचे आतेभाऊ तुळजाजी, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे, ऐंशी पूर्ण करत होते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका लहानशा कल्याण मंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, समारंभ ठरला होता आणि मानपत्र वाचायचं वेंकटरावांकडे आलं होतं. वेंकटरावांची सगळी नोकरी दस्तऐवजांच्या कचेरीत गेली. समोर कागद असला तर ते तासभर खणखणीत वाचत. कागद नसला तर स्वतःचं नाव सांगतानाही अडखळत.

मानपत्र मराठीतच हवं, असं तुळजाजींनी आधीच बजावलं होतं. देवनागरी वेंकटरावांना येत होती ती देवळातल्या पाटीपुरती, एकेक अक्षर लावत. म्हणून गल्लीतले सगळे लिहीत तसं त्यांनीही मराठी तमिळ लिपीत लिहिलं. त्यात एक अडचण कायमची होती. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, क, ख, ग, घ यांनाही एकच. ज्याला मराठी येतं तो अंदाजानं बरोबर वाचतो. वेंकटरावांना तर आपलंच वाचायचं होतं. त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे मोठे, जाड कागद काढले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, व्यासपीठावर चष्मा लागू नये इतक्या टपोऱ्या अक्षरांत लिहायला घेतलं.

सगळं सुरळीत झालं असतं, पण मध्ये कावेरी आली.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी तिरुवैयारूच्या घाटावर बारा वर्षांचा वेंकट कावेरीत पडला आणि बावीस वर्षांच्या तुळजाजींनी उडी मारून त्याला बाहेर काढलं. ही गोष्ट तुळजाजींनी घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगितली होती. दर वेळी नदीचं पाणी थोडं वाढायचं. अलीकडच्या एका बारशात तर सुसर आली होती. वेंकटराव प्रत्येक वेळी मान खाली घालून जिलबी खात बसायचे. कारण खरी गोष्ट आता फक्त दोघांना ठाऊक होती. वेंकट पडला नव्हता. तुळजाजींनी त्याला ढकललं होतं.

मानपत्रात कावेरीचा प्रसंग घालणं भागच होतं. वेंकटरावांनी आधी खरं लिहिलं. मग त्यावर रेघ मारली. मग सौम्य करून खरं लिहिलं. त्यावरही रेघ मारली. दोन मोठे कागद असे गेले. शेवटी सुस्कारा टाकून त्यांनी "ज्यांनी मज कावेरीतून जीवदान दिले" असं लिहिलं, दोन कागदांवर सुवाच्य मानपत्र पुरं केलं, खोडलेल्या दोन कागदांच्या आत ते ठेवलं, बाहेरून उरलेली, दोन्ही बाजूंनी छापलेली कॅलेंडरची पानं गुंडाळली, रबर लावलं आणि गुंडाळी कपाटात ठेवून दिली. मग तीन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. झालेलं काम पुन्हा बघायचं नाही ही त्यांची कचेरीतली सवय होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी सुंदरीबाईंनी भिरभिरी करायला घेतली. हे त्यांना मनापासून आवडलं, कारण त्यात चौरस होता. चौरस कागद घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून मध्याच्या दिशेनं कापायचं, पण मध्यापर्यंत नाही. एकाआड एक कोपरा आत वळवून मध्यावर आणायचा, टाचणी खुपसायची, मागे एक मणी, मग स्ट्रॉ, आणि बाहेर आलेल्या टोकाला खोडरबराचा तुकडा, म्हणजे कुणाला टोचायला नको. पहिलं भिरभिरं रंगीत कागदाचं केलं. हरिणीनं ते घेऊन ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या. मग डब्यापाशी येऊन बसली.

"अजून होणे," ती म्हणाली.

'अजून' हा नवा शब्द होता. सुंदरीबाईंना हर्ष झाला. त्यांनी विचारलं, "किती?"

हरिणीनं उद्याच्या समारंभाला कोण कोण येणार ते बोटांवर मोजायला सुरुवात केली, बोटं संपली, मग आजीची बोटं घेतली. "सगळ्यांस," तिनं निकाल दिला.

रंगीत कागद तर संपले होते. वर्तमानपत्राचं भिरभिरं मान टाकायचं. वहीचा कागद फाटायचा. सुंदरीबाईंनी कपाट उघडलं आणि त्यांना कॅलेंडरची गुंडाळी दिसली. जाड, चकचकीत, भिरभिऱ्यासाठीच केलेला असावा असा कागद. बाहेरच्या पानांच्या दोन्ही बाजूंना चित्रं होती, ती मोडायला नकोत म्हणून त्यांनी आतले चार कागद घेतले. त्यांनी पाहिलं नाही असं नाही. वरच्या कागदावर ओळीन् ओळ खोडलेली होती. बस थांब्याला छप्पर नाही म्हणून वेंकटराव दोन वर्षं नगरपालिकेला पत्रं लिहीत होते, त्यातलंच हे एखादं असणार, असं त्यांनी ठरवलं. उरलेली पानं पुन्हा गुंडाळली, रबर लावलं, गुंडाळी जागच्या जागी ठेवली.

एका कागदाचे सहा चौरस, चार कागदांचे चोवीस. सुंदरीबाई चित्रांच्या बाजूनं पट्टीनं आखत होत्या, हरिणी कापत होती. संध्याकाळपर्यंत चोवीस भिरभिरी तयार झाली. वेंकटराव बाहेरून आले तेव्हा ती सगळी एका पिशवीत उभी होती.

"छान झालीत," ते म्हणाले, आणि एकावर फुंकर मारली. ते फिरलं. फिरताना अक्षरं दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुरली आणि साईप्रिया पहाटेच्या गाडीनं चेन्नईहून आले. होम, अभिषेक, आशीर्वाद हे सगळं होईतो साडेअकरा वाजले. मंडपात पन्नासएक माणसं. आणि नेमकी वीज गेली. जनरेटर होता, पण तो माईकला पुरायचा, पंख्यांना नाही. मे महिन्यातलं तंजावूर, अंगावर रेशीम आणि होमाचा धूर डोळ्यांत. अशा वेळी हरिणी पिशवी घेऊन रांगेरांगेतून फिरली. भिरभिरं पुढे करायची, समोरच्यानं तमिळमध्ये आभार मानले की थांबून राहायची, आणि मराठीत काहीतरी ऐकल्याशिवाय हात सोडायची नाही. आजीचा नियम तिनं पुरता उचलला होता. माणसं वारा घ्यायला भिरभिऱ्यावर फुंकर मारत होती, म्हणजे स्वतःच वारा घालत होती, पण कुणाच्या ते ध्यानात येत नव्हतं. व्यासपीठावरच्या मोठ्या खुर्चीत बसलेल्या तुळजाजींनाही तिनं एक दिलं. तुळजाजींनी ते काठीसारखं हातात धरलं.

मग वेंकटरावांचं नाव पुकारलं गेलं. ते माईकपाशी आले, घसा साफ केला, रबर काढलं आणि गुंडाळी उलगडली.

आत मयूरावर बसलेले मुरुगन होते. वेंकटरावांनी पान उलटलं. मागे खताची जाहिरात होती. पुढचं पान उलटलं, तिथे सरस्वती. त्याच्या मागे पुन्हा खत. त्यांनी पानं पुढून मागून दोनदा तपासली. मंडपात पन्नास माणसं वाट बघत होती. तुळजाजींना कमी ऐकू येई, म्हणून त्यांना वाटलं वाचन सुरू झालंय, आणि ते मान डोलवू लागले.

"वाचा की," पुढच्या रांगेतून सुंदरीबाई हळूच म्हणाल्या.

"आत काही नाही," वेंकटराव म्हणाले. ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात सुंदरीबाईंच्या शेजारी बसलेल्या वरलक्ष्मी, ज्या त्याच गल्लीत शिकवण्या घेत, आपलं भिरभिरं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "सुंदरी, ह्यावर 'तुळजाजी' असं लिहिलेलं दिसतंय."

सुंदरीबाईंनी ते हातात घेतलं. टपोरी, सुवाच्य अक्षरं, खाडाखोड नाही. नगरपालिकेला इतकं गोड कुणी लिहीत नाही. त्यांनी सभोवार पाहिलं. चोवीस भिरभिरी चोवीस ठिकाणी फिरत होती.

शिक्षकाचा एक गुण असा की चूक आपली असली तरी वर्गावरचा ताबा सुटत नाही. त्या उठल्या आणि व्यासपीठाच्या पायरीपाशी गेल्या.

"मानपत्र तुमच्या हातांत आहे," त्या म्हणाल्या. "भिरभिरी सगळी परत द्या. मी पाच मिनिटांत क्रम लावते."

पण हरिणी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. काल दिवसभर तिनं ती कापली होती, आणि दिलेली वस्तू परत घ्यायची नसते असं तिला याच आजीनं शिकवलं होतं. तिनं दोन्ही हात पसरले.

"मोडू नोको," ती म्हणाली. "एकेक. मी उघडते. मग परत लावायचं."

एवढं मराठी तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. मुरली खुर्चीतून अर्धा उठला. सुंदरीबाईंनी यजमानांचं मानपत्र आणि नातीचं मराठी तोलून पाहिलं, आणि त्यांना फार वेळ लागला नाही.

"ती म्हणते तसं," त्या म्हणाल्या. "एकेकानं उभं राहून वाचायचं."

तेव्हा अशी पद्धत पडली. हरिणी एकेका माणसाजवळ जायची, खोडरबर काढायची, टाचणी ओढायची, कागद उलगडून द्यायची. वाचून झालं की पुन्हा कोपरे वळवून, मणी, स्ट्रॉ, खोडरबर, आणि फुंकर मारून फिरतंय का ते बघायची. त्यानंतरच पुढचा. सगळा मंडप टाचणीकडे डोळे लावून बसला.

पहिली पाळी साईप्रियाची आली. तिला मराठी येत नव्हतं, पण तमिळ अक्षरं उत्तम येत होती. सासऱ्यांची अब्रू राखायची म्हणून तिनं स्पष्ट, मोठ्यानं, जसं दिसलं तसं वाचलं.

"आमच्या कल्लीचे पाप म्हणावेत असे."

सगळ्यांच्या माना तुळजाजींकडे वळल्या.

"बाप," वेंकटराव माईकवरून कासावीस होऊन म्हणाले. "गल्लीचे बाप."

"पाप," साईप्रियानं कागद पुन्हा तपासून नम्रपणे सांगितलं. "प आहे."

"त्याचाच ब होतो," मुरली तिच्या कानात म्हणाला.

"मग कळणार कसं?"

हरिणीनं कागद काढून घेतला आणि परत भिरभिरं केलं.

नंतर मुरलीनं वाचलं, "ऐंशीव्या वर्षीही त्यांचे सगळे दात." ओळ तिथेच कापली गेली होती. पलीकडच्या रांगेतल्या एका मामांना आपलं पुढचं असेल असं वाटलं. त्यांनी हरिणीकडून घाईनं उघडून घेतलं आणि वाचलं, "पाठशाळेस आनंदाने दान केले."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग तो खोकला पसरला. वरलक्ष्मी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "सुंदरी, मी वाचू की नोको?" सुंदरीबाई म्हणाल्या, "वाच, आता काय राहिलंय." वरलक्ष्मींनी वाचलं, "तुळजाजींच्या सुविद्य पत्नी." त्यानंतरच्या गृहस्थांनी वाचलं, "ह्यांस जुनी सायकल फार प्रिय."

वेंकटराव मुरुगनाचं चित्र छातीशी धरून उभे होते. त्यांना अजून हसू येत नव्हतं, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती जी बाकी कुणाला नव्हती. चोवीसपैकी बारा कागद खोडलेले होते. आणि खोडताना त्यांनी एकच रेघ मारली होती, कचेरीच्या पद्धतीप्रमाणे, खालचं वाचता यावं अशी.

"पुरे," ते माईकमध्ये म्हणाले. "बाकीचं मी तोंडी सांगतो. जेवणास उशीर होतोय."

"तोंडी?" सुंदरीबाईंनी विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी यजमानांना तोंडी काही सांगताना पाहिलं नव्हतं.

पण इतक्यात खुर्चीतून तुळजाजींचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू आलं नव्हतं, पण लोक आनंदात आहेत आणि आपली पाळी राहिली आहे एवढं दिसलं होतं. त्यांनी भिरभिरं पुढे केलं. हरिणी व्यासपीठावर चढली आणि खोडरबर काढू लागली.

"अण्णा, ते नोको, ते खोडलेलं आहे," वेंकटराव म्हणाले.

"काय?"

"खोडलेलं."

"हो, हो, मोडणार नाही," तुळजाजी म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज नेहमीच मोठा असतो, त्यांना माईकची गरज नव्हती.

"त्यांनीच मज कावेरीत ढकलले," त्यांनी वाचलं, "आणि अठ्ठावन्न वर्षे सांगतात की."

कागद तिथे संपला. पुढचं कुणी वाचायची गरज नव्हती. मंडपातल्या प्रत्येकानं ते पुढचं किमान चार लग्नांत ऐकलं होतं.

तुळजाजींनी ओळ पुन्हा मनाशी वाचली. ओठ हलताना दिसले. मग त्यांनी चष्म्यावरून वेंकटरावांकडे पाहिलं. वेंकटराव सत्तर वर्षांचे होते, पण त्या वेळी बारा वर्षांचे दिसत होते.

"हे तू लिहिलंस?"

"लिहिलं. मग खोडलं."

"का खोडलंस? खोटं होतं?"

वेंकटरावांनी मुरुगनाचं चित्र खाली ठेवलं. समोर कागद नव्हता. "नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

तुळजाजींनी मंडपाकडे पाहिलं. त्यांची मुलं, नातवंडं, सुना, व्याही सगळे टक लावून होते.

"नव्हतं," तुळजाजी मोठ्यानं म्हणाले. "मी ढकललं. पण का ढकललं ते ह्यानं लिहिलंय का? बघा कुणाच्या कागदावर आहे का."

सगळ्यांनी आपापली भिरभिरी निरखली. कुणाच्या कागदावर नव्हतं.

"असणार नाही. आम्ही घाटावर उभे. ह्यास विचारलं, पोहायला येतं का. हा छाती पुढे काढून म्हणतो, येतं, मी वेण्णारू नदी तीनदा पार केली. म्हटलं, दाखव. म्हणतो, आत्ता जेवलोय. मग मी दिलं ढकलून. हा दगडासारखा खाली गेला. मज काय ठाऊक ह्याची वेण्णारू म्हणजे पायांनी चालत, पाणी नसताना."

सगळी डोकी वेंकटरावांकडे वळली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणाला होतात तुम्ही असं?" सुंदरीबाईंनी विचारलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वेण्णारू पार केल्याची गोष्ट त्यांनाही सांगण्यात आली होती, आणि त्यांनी ती इतकी वर्षं खरी धरली होती.

"म्हणालो होतो," वेंकटराव म्हणाले. आणि मग, अंगावरून मोठं ओझं उतरावं तसे, ते हसायला लागले. तुळजाजींनी त्यांना हसताना पाहिलं आणि तेही हसू लागले, दातांची पूर्ण रांग दाखवत. ती खरोखरच शाबूत होती.

"आणि सुसर?" मागून एका नातवानं विचारलं.

"सुसर मागाहून आली," तुळजाजी म्हणाले.

वेंकटरावांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय भाषण केलं. ते जेमतेम सव्वा मिनिट चाललं. ढकललं ते खरं, पण उडी मारली तेही खरं, असं ते म्हणाले. घाटावर आणखी सात-आठ माणसं होती, त्यांतल्या कुणी मारली नव्हती. त्यानंतर वर्षभर दर रविवारी तुळजाजींनी त्यांना पोहायला शिकवलं, ते मात्र तुळजाजींनी कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून आज आपण सांगतोय. इतकं बोलून ते अडखळले आणि खाली बसले. तुळजाजींना त्यातलं निम्मं ऐकू गेलं असेल. त्यांनी डोळे पुसले ते घामानं असंही म्हणता येईल.

उरलेली भिरभिरी वाचायची राहून गेली. जेवणाच्या पंगतीत ती पानांशेजारी पडली होती आणि लोक एकमेकांच्या कागदांत डोकावून काही गवसतंय का ते बघत होते.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तुळजाजी स्वतः दारात हजर झाले. काखेत चार वर्षांची जुनी कॅलेंडरं होती.

"हे कसं करायचं ते शिकायचं आहे," ते म्हणाले.

ते जमिनीवर बसू शकत नव्हते, म्हणून वेंकटरावांनी त्यांना स्टूल दिलं. हरिणीनं त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि तमिळमध्ये सूचना द्यायला सुरुवात केली.

"काय?" तुळजाजी म्हणाले.

तिनं मोठ्यानं सांगितलं. "काय?" ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही "काय?" मग तिनं हात कमरेवर ठेवले, दम घेतला आणि मराठीत ओरडून सांगितलं की कोपऱ्यातून कापा, मध्यापर्यंत जाऊ नका. ते त्यांना लगेच ऐकू गेलं. सुंदरीबाई आतून बघत होत्या. तुळजाजींचा सगळा जन्म तंजावुरात गेला, बाजारात ते तमिळमध्ये भाजीवाल्यांशी तासन् तास हुज्जत घालत. सुंदरीबाई गालात हसून आत वळल्या.

तुळजाजींचा हात थरथरायचा. कात्री दर वेळी मध्याच्या पलीकडे जायची आणि कागदाचे दोन तुकडे व्हायचे. हरिणी तुकडे हातात घेऊन बघायची आणि मान हलवायची. वेंकटराव मदतीला कागद धरून बसले, तर ते वाकडं धरतात म्हणून त्यांनाही बोलणी बसली. उरलेले दहा दिवस हा वर्ग रोज भरला. दोघा विद्यार्थ्यांची प्रगती यथातथाच होती. एकदा तर तुळजाजींनी केलेलं भिरभिरं उलटं फिरलं, म्हणजे फिरलंच नाही, त्यावर वेंकटराव नको इतकं हसले आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून बसावं लागलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि हरिणी चेन्नईला परत गेली. आठवड्याभरानं साईप्रियाचा फोन आला. सुंदरीबाईंनी उचलला.

"अम्मा, एक विचारायचं होतं," साईप्रिया तमिळमध्ये म्हणाली. "मी घेवडा चिरत असले की हरिणी शेजारी येऊन उभी राहते आणि रोज मराठीत एकच काहीतरी म्हणते. मुरलीला विचारलं तर तो हसत बाहेर निघून जातो."

"काय म्हणते?"

साईप्रियानं एकेक अक्षर जपून उच्चारलं. "वाकडं कापलंस. परत कर."

सुंदरीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"छान चिरतेस, असं म्हणते ती," त्या म्हणाल्या.

"असं होय," साईप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. "मग मलाही ते वाक्य नीट शिकवा. माझ्या आईला म्हणून दाखवते."